"काही नाही" म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

मागच्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी मी आयुर्विम्याचा फॉर्म भरत होतो. नाव, जन्मतारीख, वजन, उंची, तंबाखू खाता का, वडिलांना मधुमेह होता का. पान उलटलं तर एका चौकटीत आधीच छापलेलं होतं: मुदत संपण्याचं वर्ष २०५८. मी सहज हिशोब केला. त्या वर्षी मी ऐंशीचा असेन, असलो तर. आणि एकदम पोटात खड्डा पडला. हात गार पडले. टेबल, पेन, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, सगळं जागच्या जागी होतं, पण काचेपलीकडे गेल्यासारखं. बायको समोर गवार मोडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."

हे उत्तर आपण सगळेच देतो, आणि ते खोटं नसतं. दाखवायला खरंच काही नव्हतं. पगार वेळेवर होत होता, तपासण्यांचे रिपोर्ट चांगले होते, घरात कोणी आजारी नव्हतं. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली नेमकी हीच गोष्ट टिपली आहे. असा झटका ओसरला की माणूस म्हणतो, "तसं काही नव्हतंच." हायडेगरचं म्हणणं, माणूस इथे नकळत खरं बोलून जातो. ज्याची धास्ती वाटली ते जगातलं बोट दाखवता येईल असं काही नव्हतंच. (हा माणूस १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला, आणि ते मला कधी नजरेआड करता आलेलं नाही. पण हे निरीक्षण बिनचूक आहे.)

पुस्तकी भाषेत याला अस्तित्वविषयक चिंता म्हणतात. बोलीत आपल्याकडे हुरहूर आहे, रितं वाटणं आहे, जीव घाबरा होणं आहे. मी इथे धास्ती म्हणतो.

भीती आणि धास्ती यांतला फरक एकदा कळला की पुढचं बरंच सोपं होतं. भीती कशाची तरी असते. मागे कुत्रं लागलं, हप्ता थकला, डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली. काय करायचं ते अशा वेळी शरीराला कळतं: पळायचं, भांडायचं, दार लावून घ्यायचं, फोन करायचा. धास्तीला असा पत्ता नसतो. शरीर पळायला तयार होतं, पण कोणापासून पळायचं हे सापडत नाही. मग मन कारण धुंडाळू लागतं. छातीत दुखतंय का? नोकरी टिकेल ना? गॅस बंद केला होता का? रात्री आपण ज्या काळजीला कवटाळून बसतो, ती पुष्कळदा या बिनचेहऱ्याच्या धास्तीला आपणच चढवलेला मुखवटा असतो. म्हणूनच सकाळी उठून गॅस बंद दिसला तरी बरं वाटत नाही.

हायडेगरच्या आधी, १८४४ साली, कोपनहेगनमध्ये सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाने या धास्तीची तुलना घेरीशी केली होती. खोल दरीत डोकावणाऱ्याला घेरी येते, आणि त्या घेरीचं कारण जितकं दरीत असतं तितकंच बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं, असं तो म्हणतो. बघितलंच नसतं तर घेरी आली नसती.

हे मला कळलं ते हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याशी. हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे टोकाशी गेलं की पायाखालचा खडक दिसेनासा होतो आणि थेट खाली कोकण दिसतं. तिथे उभं राहिलं की दोन गोष्टी वाटतात. एक सरळ आहे: पाय घसरला तर? दुसरी बोलायला जड जाते: मीच एक पाऊल पुढे टाकलं तर? मरावंसं वाटत असतं असं मुळीच नाही. आपल्याला अडवायला तिथे आपल्याशिवाय कोणी नाही, एवढंच त्या क्षणी लख्ख कळतं. किर्केगार्दच्या लेखी धास्ती म्हणजे स्वातंत्र्याची घेरी, ती ही.

आणि कोकणकड्यावर जुनेजाणते एक नियम सांगतात. उभं राहून वाकायचं नाही. पोटावर झोपायचं, सरपटत पुढे जायचं, डोकं तेवढं कड्याबाहेर काढायचं, आणि मागे कोणाला तरी पाय धरून ठेवायला सांगायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्राने माझे दोन्ही घोटे घट्ट धरले होते, आणि मी चांगला पाच मिनिटं खाली बघत राहिलो. घेरी आली नाही. पुढे मी उपाय म्हणून जे जे सांगणार आहे ते सगळं मला या एका नियमात सापडतं.

आता दरीत असतं काय? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९८० साली चार गोष्टी सांगितल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता. विम्याच्या फॉर्मवर मला दिसला तो मृत्यू, हे उघड आहे. एकटेपण म्हणजे घर माणसांनी भरलेलं असतानाही माझी डोकेदुखी मलाच सोसायची आहे, हे कळणं. अर्थहीनता म्हणजे "हे सगळं कशासाठी?"

स्वातंत्र्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते आपल्याला धास्तीचं कारण वाटतच नाही. माझ्या आजोबांनी काय काम करावं, कोणाशी लग्न करावं, कुठे राहावं, यातलं फारसं काही त्यांच्या हातात नव्हतं. ते जोखड, विशेषतः जातीने लादलेलं, तुटलं पाहिजेच होतं आणि अजून पुरतं तुटलेलं नाही. पण ज्या मुलीला आईवडील मनापासून सांगतात, "तुला हवं ते कर, आम्ही पाठीशी आहोत," तिला त्या रात्री झोप का येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. आता चुकलं तर दोष द्यायला कोणी उरत नाही. एक वाट धरली की बाकीच्या कायमच्या सुटतात. ती मुलगी कृतघ्न नसते. ती कड्याच्या टोकाशी उभी असते.

अशी धास्ती बहुधा उंबरठ्यावर गाठते. शिक्षण संपून नोकरी लागायच्या मधल्या काळात, पहिलं मूल झाल्यावर, आई किंवा वडील गेल्यावर, निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी. घराचं शेवटचं कर्ज फिटल्यावरसुद्धा. दिवसातही तिच्या वेळा ठरलेल्या असतात. दिवेलागणीच्या वेळेला मराठीत कातरवेळ हा शब्द आहे, आणि त्या वेळी उगाच हुरहूर लागते हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. त्या वेळी घरात दिवा लागायचा, मुलांना हाताशी बसवून परवचा म्हणून घेतला जायचा. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी रविवारच्या अस्वस्थतेबद्दल लिहिलं आहे: आठवड्याची धावपळ थांबते आणि तिच्याखाली झाकलेली पोकळी उघडी पडते. माझा फॉर्म रविवारच्या संध्याकाळचा होता, हे मला फार नंतर लक्षात आलं.

आणि मग ती पहाटेची वेळ. रात्रीच्या उत्तरार्धात गाढ झोपेचा वाटा संपत आलेला असतो, स्वप्नांची झोप वाढते, शरीराचं तापमान दिवसातलं सर्वात कमी असतं, आणि उठवण्याची तयारी म्हणून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागलेलं असतं. त्यात अंधार, आणि बोलायला कोणी जागं नाही. दुपारी बाराला जो विचार नुसता विचार असतो, तोच पहाटे साडेतीनला निकालपत्रासारखा वाटतो. म्हणून मी स्वतःला एक सक्त नियम घालून घेतला आहे: रात्री दोन ते पाच या वेळात आयुष्याचा ताळेबंद मांडायचा नाही. प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याला सकाळी नऊ वाजता भेटायला बोलवायचं.

काही जण विचारतील, कर्तृत्व असेल, नाव असेल, पैसा असेल, तर ही धास्ती कमी होते का? लिओ टॉलस्टॉयचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर येतं. पन्नाशीच्या आसपास तो जगप्रसिद्ध लेखक होता, तब्येत दणकट, मोठं कुटुंब. तेव्हा त्याला हा प्रश्न असा चिकटला की कामाच्या मध्येच तो थबकायचा. रशियातल्या समारा प्रांतात आपली ६,००० देस्यातिना, म्हणजे साधारण १६ हजार एकर जमीन होईल, ३०० घोडे असतील, बरं, आणि पुढे काय? त्या काळात तो घरातली दोरी नजरेआड ठेवायचा आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणं त्याने बंद केलं होतं, कारण स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. मला यातली दोरी लपवण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. उत्तर सापडायच्या आधी त्याने स्वतःला कड्यापासून चार पावलं मागे ओढून घेतलं.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. स्मशानवैराग्य हा शब्द आपण टोमणा म्हणून वापरतो. चितेजवळ उभं राहून "शेवटी काय घेऊन जायचंय हो" म्हणणारा माणूस तासाभराने चहाच्या टपरीवर गुंठ्याचा भाव विचारतो. माझे वडील गेले तेव्हा असं बोलणं कानावर पडून मला संताप आला होता. आज येत नाही. कड्याबाहेर डोकं काढून किती वेळ बघायचं याला माणसाची एक मर्यादा असते. मन चितेकडे बघतं, सोसेल तेवढं बघतं आणि चहाकडे वळतं. त्यात ढोंग नाही.

आणि मागे पाय धरायला किती जण असायचे ते आठवून बघा. घरात मृत्यू झाला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, नातलग आग्रहाने दोन घास खायला लावतात. काही भागात त्याला कडू घास म्हणतात, आणि याहून नेमकं नाव मला सुचत नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी सगळे कावळ्याची वाट बघत थांबतात, आणि गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल यावर बोलतात. म्हणजे मृत्यूबद्दल उघड, मोठ्याने, चारचौघांत बोललं जातं. तेराव्याला गोडाचं जेवण होतं. तोंडात गोड घास घालून घरच्यांना पुन्हा रोजच्या जगात आणलं जातं. पिंडाला कावळा शिवण्यावर माझा स्वतःचा विश्वास नाही. पण तेरा दिवस त्या घराला पोकळीबरोबर एकटं सोडायचं नाही, ही व्यवस्था ज्यांनी लावली त्यांना माणूस कळला होता. आज अनेक घरांत तिसऱ्या दिवशी सगळं आटोपतं, चौथ्या दिवशी ऑफिस, आणि फोनवर हात जोडलेली शंभर चित्रं. विधी सोडले तर सोडले, माझी हरकत नाही. पिठलं-भात घेऊन जाणं सोडू नये.

कोणी पाय धरायला नसतानाही दरीत बघितल्याचं एक उदाहरण आहे. जुलै १८९६, मदुराई. वेंकटरामन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा काकांच्या घरी वरच्या खोलीत एकटा बसला होता. प्रकृती ठणठणीत. अचानक त्याला मृत्यूच्या भयाने गाठलं. तो ओरडला नाही, डॉक्टरकडे धावला नाही. तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला, आणि मेलेल्या माणसासारखा पडून विचारू लागला: आता हे शरीर मेलं. मग मी मेलो का? दीड महिन्याने घर सोडून तो तिरुवण्णामलईला पोहोचला. पुढे जग त्याला रमण महर्षी म्हणू लागलं. हा प्रयोग घरी करून बघा असं मी कोणाला सांगणार नाही. ते धाडस आणि ती शांतता सगळ्यांना लाभत नाही. पण धास्तीपासून पळण्याऐवजी तो आडवा झाला आणि तिच्याकडे बघू लागला, हे मला विसरता येत नाही.

आपल्यासारख्यांनी काय करावं? आधी शरीर, मग प्रश्न. धास्तीची लाट चढलेली असताना "जीवनाचा अर्थ काय" यावर विचार करणं म्हणजे घेरी आलेली असताना उभं राहून दरीत वाकणं. अंथरुणातून उठावं, पाय थंड फरशीवर ठेवावेत, दिवा लावावा, घोटभर पाणी प्यावं. श्वास चार मोजून आत घ्यावा आणि सहा-आठ मोजत सोडावा. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप थोडा कमी होतो, म्हणून सोडणं लांबवायचं. दोन-चार मिनिटांत लाट उतरू लागते. फोन हातात घेऊ नये. पहाटे विश्वाच्या अंताचे व्हिडिओ बघत बसलेल्या माणसाला सूर्य ५०० कोटी वर्षांनी विझणार याचीसुद्धा धडकी भरते.

अशा घाबरण्यात छातीत दुखतं, धडधडतं, घाम फुटतो. हृदयविकारातही हेच होतं. तेव्हा पहिल्यांदा असं झालं, किंवा दुखणं हातात, जबड्यात जात असेल, तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. थायरॉईड वाढल्यानेही धडधड आणि अस्वस्थता येते, तेवढी रक्ततपासणी करून घ्यावी.

मग सकाळी, प्रश्नाला शब्द द्यायचे, आणि एका तरी माणसाला ते ऐकवायचे. "मला मरणाची भीती वाटते" हे वाक्य मी चव्वेचाळीस वर्षांत मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. यालोम यांच्या चारांतली कोणती गोष्ट आहे हे ओळखता आलं तर बरं, कारण प्रत्येकीची वाट वेगळी आहे. एकटेपणाने ग्रासलेल्याला पुस्तक देऊन उपयोग नाही. निवड करायला घाबरणाऱ्याला एखादी छोटी, परत फिरता येईल अशी निवड करून बघायला सांगावं.

आणि तुम्ही ऐकणारे असाल तर "भलते विचार करू नकोस" म्हणू नका. "कामात मन गुंतव" हेही लगेच नको. त्यात तथ्य आहे, पण सुरुवातीलाच म्हटलं तर "गप्प बस" असंच ऐकू येतं. "मलाही कधीकधी असं होतं" एवढं म्हटलं तरी घोटे धरल्यासारखं वाटतं. "आजी कुठे गेली?" असं लहान मुलाने विचारलं तर "झोपली" म्हणू नये, ते पोर रात्री झोपायला घाबरतं. आजी मेली, तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही, आणि मी इथे तुझ्याजवळ आहे, असं सांगावं.

राहिला टॉलस्टॉयचा "पुढे काय?" हा प्रश्न. तो सुटत नाही, असं माझं मत आहे, पण तो कुठल्या कामाला विचारायचा हे आपल्या हातात असतं. कर्ज फेडणं, बढती, फ्लॅट, ही संपणारी कामं. संपली की "पुढे काय?" दारात उभा. वारीला निघालेल्याला हा प्रश्न विचारून बघा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालायचं, आणि गर्दीत मंदिरात जायला मिळालं नाही तर कळसाचं दर्शन घेऊन समाधानाने परतायचं. चालणं हेच त्याला मिळालेलं असतं. रोजचा तबल्याचा रियाज, म्हाताऱ्या शेजाऱ्याला पेपर वाचून दाखवणं, कुंडीतल्या गवती चहाला पाणी घालणं, यांचंही तसंच आहे. आठवड्यात अशी एक-दोन कामं तरी हवीत, ज्यांचं पुरेपण ती करतानाच हाती लागतं.

फ्रांकल यांनी प्रश्नच उलटा केला होता. आउश्वित्झसह नाझींच्या चार छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर आले. आई, वडील, भाऊ, पत्नी, सगळी गेली. त्यांचं म्हणणं, जीवनाचा अर्थ काय असं आपण विचारायचं नाही. जीवन रोज आपल्याला काहीतरी विचारत असतं, त्याला आपल्या वागण्यातून उत्तर द्यायचं. त्यांच्या विचारावर आधारून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात विल्यम ब्राइटबार्ट यांनी एक उपचारपद्धती बसवली. कर्करोग पुढच्या टप्प्याला गेलेले रुग्ण आठवड्यातून एकदा, आठ वेळा गटाने बसतात. आपण कुठून आलो, कोणाकडून काय मिळालं, काय घडवलं, कोणावर प्रेम केलं, मागे काय ठेवतोय, यावर बोलतात. मृत्यू पुढे ढकलला जात नाही. पण जगण्यात अर्थ वाटणं वाढतं आणि निराशा कमी होते, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं आहे.

एक रेघ मात्र स्पष्ट ओढायला हवी. धास्ती येते आणि जाते, मधल्या वेळात जेवण चवीला लागतं, हसू येतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन काळवंडलेलं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा मरून जावं असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि टॉलस्टॉयने केलं ते करा: घरातली घातक वस्तू हाताशी येणार नाही अशी ठेवा, कोणाच्या तरी स्वाधीन करा.

तो फॉर्म चार दिवस टेबलावर पडून होता. पाचव्या दिवशी सकाळी मी तो पुन्हा उघडला, २०५८ कडे नीट बघितलं, आणि नॉमिनीच्या जागी बायकोचं नाव लिहिलं. ते तिला दाखवलं तर ती नावाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

मी सांगितलं. तिनेही मग तिचं सांगितलं, आई गेल्यापासूनचं, जे मला माहीतच नव्हतं. त्या सकाळी चहा दोनदा गरम करावा लागला.